पोट्टी बकरीशीच बोलते

२४ नोव्हेंबर
पोट्टी आज बी काही बोलली नाही. प्रियंकानं मोबाईल माह्यापुढं धरला. म्हने, आई, तीन वर्साच्या लेकरानं किती शब्द बोलाले पाह्यजे ते यात दिलं हाये. म्हनलं, त्या मोबाईलनं किती लेकरं वाढवले ते दिलं हाये का? सूनबाई तोंड फुगवून आत गेली.
गुड्डी तीन वर्सं दोन महिन्याची. माह्या गजाची पह्यली पोरगी. चालते, पळते, चप्पल आन म्हनलं का चप्पल आनते. तोंड तेवढं बंद. मंग काय झालं? तीस वर्सं अंगनवाडीत मदतनीस होती मी. अर्ध्या गावाचा शेंबूड म्या पुसला. कोनी दीड वर्सात बोलते, कोनी तीन. गजा स्वतः तीन पुरे झाल्यावर बोलला, अन् आता थांबत नाही.
कापूस आला आज. मधल्या खोलीत भरला, खिडकीच्या वर गेला. भाव येईपर्यंत राहीन. आता सारे बाहेरच्या सपरीत झोपू. पोट्टी दिवसभर कापसावर लोळली. तेवढाच निवांत.

२६ नोव्हेंबर
शेजारची कांता आलती. "काकू, पोपटानं उष्टा केलेला पेरू चारा पोरीले. माह्या बहिनीच्या पोट्ट्याले चारला, आता शिव्या देते तो."
म्हनलं, तुह्या बहिनीच्या घरी शिव्या शिकायले पोपट कायले लागते? हासत गेली.
असलं मी मानत नाही. वेखंड वेगळं. वेखंड मधात उगाळून जिभेवर लावलं का जीभ सुटते. माह्या मायनं आमाले सातही जनाले लावलं, सातही बोलतो. पन प्रियंका म्हनते डाक्टरले विचारल्याबगर काही चाटवाचं नाही. लेकरू तिचं. ठीक.

२८ नोव्हेंबर
सकाळी कोठ्यात शेन काढत होती. मांगून आवाज आला. "हुर्र... हुर्र... ये."
वाटलं कोनाचं पोट्टं घुसलं. वाकून पाह्यलं तं आमची गुड्डी. चिंगीच्या गळ्यात हात घालून तिच्या कानात बोलून राह्यली होती.
चिंगी म्हनजे आमची तरनी बकरी. तिची माय तिले जनताना मेली, म्या बाटलीनं दूध पाजून जगवली. बकरी कमी अन् लेकरू जास्त.
शेनाचं टोपलं हातातच राह्यलं. मंग प्रियंकाले ओढत आनलं. पोट्टीनं आमाले पाह्यलं, तोंड मिटलं, चिंगीच्या मांगं लपली.
प्रियंका: "आई, तुमाले तसं वाटलं असन."
मले वाटलं म्हने! माहे कान अजून साबूत हायेत.

३० नोव्हेंबर
प्रियंका रडली जेवताना. यवतमाळले नेऊ, कान तपासू म्हनते. म्हनलं, हाक मारली का वळते पोट्टी, कान कायचे तपासता? गजा मधात पडला. "माय, तू नर्मदाबाईले बी असंच सांगतलं होतं."
मी ताटावरून उठली.
नर्मदेचा पोरगा. दोन वर्सं माह्या मांडीवर खेळला अंगनवाडीत. नर्मदा रोज विचारे, बाई, हा काहून बोलत नाही? मी म्हनो, बोलन वं, घाई कायची. सहा वर्साचा झाला तवा शाळेत डाक्टर आले, तवा समजलं. त्याले ऐकूच येत नव्हतं. ताट पडलं का वळे तो. ते जमीन हालते म्हनून वळे. मले काय ठाऊक. कोनालेच नाही समजलं. पन सांगत होती ते मी.
गजाले म्हनलं, जा घेऊन यवतमाळले. मी बी येतो.

३ डिसेंबर
यवतमाळ. पहाटे निंगालो, दिग्रसवरून एस. टी. पोट्टीले झोपेचं औषध पाजलं, डोक्याले वायरी चिकटवल्या. तासभर मशीन पाहत बसले ते लोकं. आमाले बाहेर काढलं.
कान चांगले. दोन्ही.
जिन्यावर बसली थोडा वेळ. पाय दुखत होते.
मंग बोलन्याची मॅडम. एवढीशी पोरगी, गळ्यात मंगळसूत्र नाही. विचारलं, बाई, लेकरू हाये का तुले? म्हने, नाही आजी. मंग म्हनलं, लेकरायचं कसं सांगतं तू? म्हने, तुमी सांगा, मी ऐकते. मुरलेली पोरगी हाये.
तिनं सांगतलेलं: मोबाईल बंद. "बोल बोल" म्हनून मांगं लागाचं नाही. पोट्टी जे पाहून राह्यली त्याचंच नाव घ्याचं. बकरीचं सांगतलं तं खुर्ची पुढं घेतली. "आजी, हे फार चांगलं आहे. ती जिथं बोलते तिथं जाऊन बसा. तिला काही विचारू नका. ती आवाज काढते तसाच तुम्ही काढा." महिन्यानं पुन्हा बोलावलं.
एवढ्या दूर जाऊन काय सांगतलं, तं बकरीजवळ बसा.

५ डिसेंबर
बसली. कोठ्यात, पोत्यावर. हुर्र म्हनलं. पोट्टीनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी तिच्या घरात न विचारता घुसली. चिंगीनं माहा पदर खाल्ला.
शब्द: गैरहजर.
अंगनवाडीचं रजिस्टर सेविकाबाई मलेच लिहाले लावे. मंग काय, लिहून ठेवतो. रोजचं.

७ डिसेंबर
हुर्र म्हनलं. पोट्टीनं हुर्र म्हनलं. मी म्हनलं. तिनं म्हनलं. चिंगी दोघीकडं पाहून राह्यली, का यायले काय झालं.
प्रियंका कुडाच्या मांगं उभी होती. आता तं ऐकलं ना बाई? ऐकलं. रडत होती. म्हनलं रडू नको, आवाज होते.
शब्द: हजर. एक.

९ डिसेंबर
"चिं." आज हा नवीन. चिंगीले चिं. अन् हुर्र. म्हनजे दोन.
दोन दिवसात एक या हिशोबानं इले शाळेत घालेपर्यंत मी वर जाईन. थोडी सर्दी हाये पोट्टीले, छाती वाजते बारीक. हे असं दिवाळीपासून अधूनमधून. थंडीचं असते.
वाटून राह्यलं का जीभ हालाले लागलीच हाये, तं थोडा हात लावून द्यावा.

१० डिसेंबर
प्रियंका न्हानीत होती. वेखंड उगाळलं, मध घातला, बोटानं जिभेवर लावलं. पोट्टीनं तोंड वाकडं केलं, मंग उलटी. ठसका लागला लय. पाठ चोळली, बरी झाली. प्रियंकाले म्हनलं दूध बाधलं.

११ डिसेंबर
उजाडता उजाडता छाती शिट्टीसारखी वाजाले लागली. बरगड्या आत ओढून राह्यली. डोळे मोठे. गजानं मोटरसायकलवर मधात धरून दिग्रसले नेली, प्रियंका मांगं. मी कांताच्या नवऱ्याच्या गाडीवर.
लेकरायचा डाक्टर. तोंडाले वाफेची मशीन लावली. तीनदा.
विचारे, "काही चाटवलं का? घरगुती काही?" भिंतीवर कॅलेंडर होतं. म्या कॅलेंडर पाह्यलं. प्रियंका म्हने, "नाही डाक्टरसाहेब, आमी काहीच देत नाही तसलं."
"धूर? अगरबत्ती? जनावर?"
"बकरी हाये. हे तिच्या गळ्यातच पडून असते दिवसभर."
डाक्टरनं पेन खाली ठेवला. "मग काढा बकरी. लगेच. केसांची, कोठ्याच्या धुळीची ॲलर्जी असू शकते. मुलीला दम्यासारखं आहे."
बोलली नाही मी. तीस वर्सं बोलत आली, अन् आज बोलली नाही.

१३ डिसेंबर
महागाववरून जवाई टेम्पो घेऊन आले. चिंगी सुनंदाकडं जाईन, माह्या पोरीकडं. म्हनजे घरातच हाये, विकली नाही.
चिंगी चढत नव्हती. जवायानं उचलून टाकली. गळ्यातला दोर सुटला, गुड्डीच्या हातात राह्यला.
रडली नाही पोट्टी. टेम्पो वळेपर्यंत उभी राह्यली. मंग आत गेली, कापसावर चढून बसली, दोर हातात.
गजा म्हने, पाह्यलं ना माय, विसरन दोन दिवसात. लेकरायचं काय असते.
हे बी माहंच वाक्य. अंगनवाडीत नवीन लेकरू रडलं का मी मायले हेच म्हनो.

१६ डिसेंबर
पंप देल्ला डाक्टरनं, नळकांड्यातून द्याचा. पोट्टी तोंड फिरवते. दोघी मिळून धरतो.
छाती वाजली. शब्द: गैरहजर. ये नाही, चिं नाही, हुर्र बी नाही.

१७ डिसेंबर
छा. वा. गैरहजर.
दिवसभर कापसावर. दोर सोडत नाही, झोपेत बी. काढाले गेली तं चावली मले. शाबास.

१९ डिसेंबर
छा. वा. जास्त. बकरी जाऊन सहा दिवस झाले, मंग काहून? प्रियंका म्हनते डाक्टर म्हनला होता का केस घरात राह्यतात, टाइम लागते. कोठा धुतला. सपरी धुतली. चिंगी बांधत होतो तो खुटा गजानं उपटून फेकला.
हातापायाले खाज सुटली हाये मले. कापसाची. दरवर्सी सुटते, गोडेतेल लावतो.

२१ डिसेंबर
पुन्हा तसंच. दुपारी, कापसावरच. प्रियंका किंचाळली तवा मी विहिरीवर. आली तवर ओठ काळेनिळे.
दिग्रस. मशीन. रात्रभर ठेवून घेतलं.
पोट्टी झोपली तं मी देवाले काही म्हनलं नाही. तोंड कोनतं घेऊन म्हनू.

२२ डिसेंबर
सांगून टाकलं.
डाक्टर सकाळी पाहाले आला तवा प्रियंका चहा आनाले गेलती. म्हनलं, साहेब, त्या दिवशी म्या वेखंड चाटवलं होतं. तुमी विचारलं तवा बोलली नाही. बकरीवर जाऊ देल्लं.
वाटलं शिव्या देईन. तो म्हने, "पुन्हा देऊ नका. उलटी, ठसका त्यानं झाला असेल. पण वेखंड दहा दिवस छाती वाजवत नाही, आजी. घरात आणखी काही असलं पाहिजे."
म्हनलं, काही नाही. साधं घर हाये आमचं.
तो माह्या हाताकडं पाहून राह्यला. "हे काय? एवढं खाजवलंय?"
"कापसाची खाज. घरात भरला हाये ना."
"कुठं?"
"मधल्या खोलीत. पोट्टी तिथंच खेळते."
तो म्हने, "हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"
"तुमी विचारलं नाही. जनावर विचारलं, धूर विचारला. कापूस कोन सांगते बाप्पा. घरोघरी असते. भिंती हायेत असं बी कोनी सांगत नाही."
डाक्टर म्हने, "माझ्या घरीही भरायचे. मी त्याच्यावर झोपून अभ्यास केला. मला सुचायला हवं होतं."
तो बी कापसाच्याच घरचा निंगला. इतकं शिकून बी त्याले दिसला नाही. मले तीस वर्सं लेकरं पाहून दिसला नाही.
मंग बकरी निर्दोष का, विचारलं. म्हने, ते माहीत नाही. दोन्ही असन. एक बी असन. आधी कापूस काढा.
प्रियंकाले वेखंडाचं बी सांगतलं. चहा तसाच हातात धरून उभी राह्यली. बोलली असती तं बरं होतं.

२३ डिसेंबर
घरी आनली. पोट्टी कांताच्या घरी ठेवाची म्हनलं तं कांताच्या घरी बी कापूस. तिच्या शेजारी बी. गावात कापूस नसलेलं घर शोधाले निंगाली तवा समजलं, आमच्या गल्लीत एकच हाये. नर्मदेचं. तिले वावरच नाही.
गेली. नर्मदा आंगन झाडत होती. तिचा पोरगा आता मोठा झाला, पुसदले शिलाईच्या दुकानात बसते. म्हनलं, पोट्टीले ठेवतं का चार दिवस?
"ठेवा ना बाई. माह्या घरी कायचा कापूस." पोट्टीले कडेवर घेतलं. दोर पाह्यला. "बोलत नाही ना अजून?"
"नाही वं."
"बोलन. घाई कायची. तुमीच म्हनत होत्या."
हासून म्हनली. टोमना होता का खरंच म्हनली, वापस येताना गल्लीभर इचार केला. टोमनाच होता. असाच पाह्यजे.

२४ डिसेंबर
गजाशी भांडन.
"माय, अजून पंधरा दिवस. भाव चढून राह्यला. बाहेर ठेवाले जागा कुठं हाये?"
म्हनलं, लेकराचा दम जाते.
"आबापासून कापूस घरातच असते. मी जन्मलो तवा तू कापसाच्याच खोलीत बाळंतीन होती, तूच सांगत. मले झालं का काही? तुले झालं? सारे डाक्टर असेच. पह्यले बकरी म्हनला, आता कापूस म्हनते. उद्या म्हनन आजीले काढा."
माहंच तोंड. माहेच शब्द, अन् लावन्याची पद्धत बी माहीच. तीस वर्सं ज्या आवाजात मी मायायले गप केलं त्याच आवाजात तो मले गप करून राह्यला. एवढंच म्हनलं, तुले नाही झालं, इले झालं.
प्रियंका उठली, पाटी घेतली, अन् कापूस आंगनात नेऊन टाकाले लागली. एकटीच. मंग मी. मंग तो, शिव्या देत.

२६ डिसेंबर
आंगनात ताडपत्रीखाली कापूस. दुपारून ढग आले. गजा दर दहा मिनिटानं वर पाहे, मंग माह्याकडं पाहे, जसे ढग म्याच आनले. पडला नाही पानी.

२७ डिसेंबर
विकला. गाडी भरून गेली. गजा माह्याशी बोलत नाही. घरात आता न बोलनारे दोन.
खोली झाडली, पुसली, जाळे काढले. पोट्टी नर्मदेकडंच.

२ जानेवारी
पोट्टी घरी आली, छाती वाजत नाही. पाच दिवस झाले. रात्री उठून उठून नाकापाशी हात धरतो, प्रियंकाचा हात तिथं आधीच असते. पंप बी चालू, कापूस बी नाही, बकरी बी नाही. कशानं बरं वाटलं, कोनाले सांगता येते का?
शब्द: गैरहजर. चिंगी गेल्यापासून एकवीस दिवस.
आज रिकाम्या कोठ्यात जाऊन बसली, पोट्टीले मांडीवर घेऊन. हुर्र म्हनलं. ये ये म्हनलं. पोट्टीनं माह्या तोंडावर हात ठेवला. बंद कर म्हनून.
रस्त्यानं कांता जात होती. "काकू, बकरी हरवली का?"
म्हनलं, हाव.

५ जानेवारी
यवतमाळ. बोलन्याची मॅडम. रजिस्टर दाखवलं. ७ अन् ९ तारीख पाहून खूश झाली, मंग पुढची पानं पाह्यली. चेहरा उतरला पोरीचा.
"बकरी का पाठवली?"
सांगतलं.
"परत आणता येईल का? तिचा बोलण्याचा रस्ता तोच होता, आजी. उशीर करू नका."
तिथूनच प्रियंकानं दिग्रसच्या डाक्टरले फोन लावला. तो म्हने, "आता नको. दोन महिने जाऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलू. दोन्ही एकदम केलं तर पुन्हा त्रास झाल्यावर कशामुळं झाला कळणार नाही."
हा म्हनते आनू नका. हे म्हनते उशीर करू नका. दोघंबी शिकलेले, दोघंबी चांगले. मी मॅडमले म्हनलं, तुमी दोघं एकमेकाशी बोला ना, अन् एक काय ते सांगा. बोलले बी ते फोनवर, पाच मिनिट. मंग मॅडमनं फोन ठेवला अन् म्हने, "दोन्हींत धोका आहे. घरच्यांनी ठरवायचं."
जवा माहं चालत होतं तवा मले कोनी विचारलं नाही, अन् मी विचारल्याबगरच सांगत सुटली. आता सारे विचारून राह्यले.
बसमध्ये पोट्टी माह्या मांडीवर झोपली. बाभूळगावची का कोनती बाई शेजारी होती. "नात का? गोड हाये. काय म्हनते?" म्हनलं, झोपली हाये.

९ जानेवारी
सुनंदाचा फोन. चिंगी खात नाही तिथं धड. आंग टाकून देल्लं. जवाई म्हनतात, वाळून मरन त्यापेक्षा बाजारात नेऊ. संक्रांतीनंतरचा बाजार. "माय, न्याची असन तं आत्ताच सांग. मंग मले बोल लावशीन."
बाजारात नेलं का पुढं काय होते ते मले काही नवीन नाही. बकऱ्या विकल्या म्या, खाल्ल्या बी. ही नाही जमत.
सांगतो म्हनलं. फोन ठेवला.

११ जानेवारी
काही ठरलं नाही. गजाले विचारलं. म्हने, तू सांगशीन ते. (बोलला तरी.) प्रियंकाले विचारलं. ते म्हने, "आई, पुन्हा ओठ तसे झाले तं?" मंग थोड्या वेळानं, "अन् कधीच नाही बोलली तं?"
दोन्ही प्रश्न बरोबर. म्या भाकरी थापल्या.

१४ जानेवारी
संक्रांत. बाया आल्या हळदीकुंकवाले. जे येते ते पोट्टीपुढं वाकते. "तीळगूळ घे, गोड बोल." सवयीनं म्हनतात, मंग आठवते, मंग जीभ चावतात. नऊ जनी आल्या, नऊ वेळा हेच. प्रियंका हासत वान वाटत होती. मी तिच्या पाठीकडं पाहत होती.
नर्मदा शेवटी आली. ते पोट्टीले काही म्हनली नाही. तीळगूळ तिच्या हातावर ठेवला, बोटं मिटवून देल्ले, गेली.
रात्री फ्राक धुवाले घेतला तं खिशात दहाही लाडू. एक बी खाल्ला नाही. चिकट झाले होते, दोरही त्यातच कोंबलेला. फ्राक न धुता तसाच ठेवला.
चिंगीले गूळ लय आवडे. म्याच लावली होती सवय.
सुनंदाले फोन केला. घेऊन या म्हनलं.
डाक्टरले नाही विचारलं. विचारलं असतं तं नाहीच म्हनला असता, अन् तो चुकीचा नसता.

१६ जानेवारी
दुपारी आला टेम्पो. चिंगी उतरली ते हाडं घेऊन. रस्त्याच्या पलीकडं कडूलिंबाखाली बांधाले लावली. घरापासून दूर, मोकळ्या हवेत. आंघोळ घातली गरम पान्यानं, बकरीले आंघोळ, सारी गल्ली पाहाले. कांता म्हने, काकू, पावडर बी लावा. म्हनलं, तुही दे आनून.
गजानं दोर धरला. "सांग माय. सोडू का पोरीले?"
साऱ्या गावाले सांगत आली. मले ठाऊक नाही, असं म्हनलं. गजा माह्या तोंडाकडं पाहतच राह्यला. आयुष्यात ऐकलं नव्हतं त्यानं.
तवर पोट्टी दारातून निंगालीच होती. कोनी सोडलं नाही, कोनी धरलं नाही. खिशातून लाडू काढला, केस लागलेला, तोंडापुढं धरला. चिंगीनं आधी हुंगला. वळखलं का नाही, सांगता येत नाही. मंग खाल्ला.
आता लिंबाखालीच हावो सारे. डायरी गुडघ्यावर घेऊन लिहून राह्यली, अक्षर वाकडं येते. प्रियंका पंप हातात धरून उभी, टोपन काढलेलं. गजा दोर धरून. पोट्टीचं डोकं चिंगीच्या मानेत. म्या तिच्या पाठीले कान लावला हाये. आत वारं जाऊन येते, साधं. अजून तरी साधं.
इथून तिचे ओठ दिसतात. हालून राह्यले. आवाज नाही.
कान पाठीवर अन् डोळे ओठावर. शिट्टी का शब्द, दोन्हीतलं आधी कोनतं येते ते...